परदेशी शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांचा बँक-खर्च : रायगड किनारपट्टीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

रायगडच्या किनारपट्टीला परदेशातून येणाऱ्या पैशाची ओळख जुनी आहे. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांतील अनेक कुटुंबांतील कर्ते पुरुष आखाती देशांत नोकरीस गेले आणि त्यांनी पाठविलेल्या पैशावर गावाकडची घरे उभी राहिली. रियालचा किंवा दिरहामचा आजचा भाव काय, हा प्रश्न ज्या घरांत सहज विचारला जातो अशी घरे या भागात आजही पुष्कळ आहेत. अलीकडच्या काळात मात्र हा प्रवाह उलट दिशेनेही वाहू लागला आहे. मुलगा किंवा मुलगी जर्मनी, इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे उच्च शिक्षणासाठी जाते आणि तिच्या शुल्काचा व निर्वाहाचा पैसा गावातून बाहेर जातो. पैसा घेण्याच्या व्यवहारात मुरलेली ही कुटुंबे पैसा पाठविण्याच्या व्यवहारात मात्र नवखी असतात.

महाविद्यालयीन प्राध्यापकांकडे असे विद्यार्थी शिफारसपत्रासाठी, गुणपत्रकाच्या साक्षांकित प्रतींसाठी येतात. पैशाविषयी ते आपल्याशी बोलत नाहीत आणि आपणही बोलत नाही. वास्तविक या व्यवहारात कुटुंबाचे जे नुकसान होते ते बहुतांशी अज्ञानामुळे होते आणि ते जाण्यापूर्वीच टाळता येण्यासारखे असते. बँक आकारते ते दृश्य शुल्क या खर्चाचा लहानसा भाग असते. मोठा भाग विनिमय दरात दडलेला असतो आणि त्याची पावती कोणी देत नाही, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

एका प्रकरणाची हकीकत

प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एक प्रकरण येथे नमूद करणे उपयुक्त ठरेल. श्रीवर्धन तालुक्यातील एका विद्यार्थ्यास २०२५ मध्ये जर्मनीतील एका विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी प्रवेश मिळाला. वडिलांचा चरितार्थ सुपारी-नारळाच्या वाडीवर. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात वाडीतील बरीच झाडे आडवी झाली. सुपारीचे नवे झाड उत्पन्न देऊ लागेपर्यंत कित्येक वर्षे जातात, हे किनाऱ्यावर कोणास सांगावयास नको. तेव्हा जमिनीचा एक तुकडा विकून पैसा उभा करण्यात आला.

जर्मनीच्या व्हिसासाठी विद्यार्थ्याच्या नावे एका विशिष्ट खात्यात एक वर्षाच्या निर्वाहाची रक्कम आधीच भरून ठेवावी लागते. या रकमेतून दरमहा ठरावीक पैसेच काढता येत असल्याने त्यास रोधित खाते म्हणतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे दरमहा ९९२ युरो, अशी ठरविण्यात आली. वडिलांनी बँकेत जाऊन नेमके ११,९०४ युरो पाठविले. बँकेच्या शुल्काबद्दल त्यांनी शाखेत बरीच घासाघीस केली आणि सुमारे एक हजार रुपयांच्या आकारणीपैकी थोडी सूटही मिळविली. मात्र पैसे पोहोचले तेव्हा त्यात अठरा युरो कमी होते. वाटेतील कोण्या एका बँकेने आपला वाटा कापून घेतला होता. पूर्ण रक्कम जमा झाल्याशिवाय खात्याचे प्रमाणपत्र मिळेना. अठरा युरो पाठविण्यासाठी पुन्हा सर्व कागदपत्रे, पुन्हा तेवढेच शुल्क आणि पुन्हा काही दिवसांची प्रतीक्षा. दरम्यान व्हिसाच्या भेटीची तारीख निघून गेली. पुढची तारीख मिळून विद्यार्थी तेथे पोहोचला तेव्हा वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झाले होते.

पुढे त्यांचे कागद चाळताना एक गोष्ट लक्षात आली. त्या दिवशीच्या संदर्भ दरापेक्षा बँकेने लावलेला दर प्रतियुरो सुमारे दोन रुपयांनी अधिक होता. ११,९०४ युरोंवर हा फरक २३,८०८ रुपयांचा होतो. एक हजार रुपयांसाठी तासभर वाद घालणाऱ्या त्या गृहस्थांस या तेवीस हजारांची कल्पनाही नव्हती. बँकेने काही लपविले होते असे म्हणता येणार नाही. दर कागदावर छापलेला होता. तो कशाशी ताडून पाहावयाचा, हे मात्र त्यांस कोणी सांगितले नव्हते.

थोडी पार्श्वभूमी

परदेशी शिकणाऱ्याच्या खर्चात विनिमय दराची ही भूमिका आजची नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकावयास गेल्या. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते व काही काळ त्यांची नेमणूक अलिबाग येथे होती. रुपया तेव्हा चांदीचा होता आणि चांदीचा भाव सोन्याच्या तुलनेत घसरत चालला होता. १८७० च्या दशकाच्या प्रारंभी सुमारे दोन शिलिंग मोलाचा असलेला रुपया १८९० च्या दशकाच्या प्रारंभी सुमारे पंधरा पेन्सांपर्यंत उतरला. इकडून तितकेच रुपये पाठविले तरी तिकडे दरवर्षी कमी पैसे हाती येत. रुपयाच्या या प्रश्नावर पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमध्ये विद्यार्थिदशेतच प्रबंध लिहिला व तो १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर चिंतामणराव देशमुख यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. रायगड किल्ल्याजवळील नाते येथे १८९६ मध्ये जन्मलेले आणि रोह्याशी नाते असलेले चिंतामणराव केंब्रिजच्या जीझस महाविद्यालयात शिकले. १९४३ मध्ये ते भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९४७ चा परकीय चलन नियमन कायदा त्यांच्याच कारकिर्दीत अमलात आला. परदेशी शिकून आलेल्या रायगडच्या एका विद्यार्थ्याकडे साऱ्या देशाच्या परकीय चलनाची राखण यावी, हा योगायोग मोठा सूचक आहे.

त्यानंतरची काही दशके टंचाईची होती. त्या काळी परदेशी गेलेली पिढी आपण खिशात आठ डॉलर घेऊन निघालो असे अजूनही सांगते. १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा १ जून २००० पासून लागू झाला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने उदारीकृत प्रेषण योजना, बँकेच्या भाषेत एलआरएस, सुरू केली. प्रारंभी वर्षाला २५,००० डॉलर असलेली मर्यादा २०१५ मध्ये प्रत्येक व्यक्तीमागे एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर इतकी करण्यात आली. विद्यापीठाचे शुल्क-अंदाजपत्रक त्याहून मोठे असेल तर शिक्षणासाठी अधिक रक्कमही पाठविता येते. म्हणजे आज अडचण परवानगीची उरलेली नाही. पैसे पाठविण्याच्या खर्चाचा प्रश्न मात्र शिल्लक आहे.

पैसा कोठे गळतो

पैसे पाठविण्याच्या खर्चाचे मोजमाप करताना जागतिक बँक शुल्क आणि विनिमय दरातील फरक या दोहोंची बेरीज धरते. हीच रीत पालकांनीही अंगीकारावी. बँक ज्या दराने परकीय चलन विकते तो दर बाजारातील मूळ दरापेक्षा अधिक असतो आणि हा वरचा भाग बँकेचा नफा असतो. ताडून पाहण्यास एक विश्वसनीय माप उपलब्ध आहे. डॉलर, युरो, पौंड व येन यांचे रुपयातील संदर्भ दर कामकाजाच्या प्रत्येक दिवशी दुपारी प्रसिद्ध होतात. पूर्वी हे काम रिझर्व्ह बँक स्वतः करीत असे. जुलै २०१८ पासून ते फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया या संस्थेकडे आहे. बँकेने सांगितलेल्या दरातून हा संदर्भ दर वजा करावा, येणाऱ्या फरकास पाठवावयाच्या चलनाच्या रकमेने गुणावे आणि त्यात शुल्क मिळवावे. जी संख्या येईल ती खरी किंमत. दोन-तीन बँकांची अशी संख्या काढून पाहिली की कोणाचे शुल्क 'शून्य' आहे आणि कोणाचा व्यवहार स्वस्त आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळून येते. बाजारातील दर दिवसभर हलत असल्याने ही चौकशी एकाच दिवशी व शक्यतो एकाच वेळी करावी, अन्यथा तुलनेस अर्थ उरत नाही.

शाखेत फलकावर किंवा पत्रकावर दिसतो तो 'कार्ड रेट' असतो. लहान रकमांसाठी तोच लावतात. रक्कम लाखांत असेल तर शाखेने आपल्या ट्रेझरी विभागाकडून त्या व्यवहारापुरता वेगळा दर मागवावा अशी विनंती करता येते व ती बहुधा मान्यही होते. परंतु ती करावी लागते. याशिवाय किरकोळ ग्राहकांना बाजाराच्या जवळचा दर मिळावा म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशनने 'एफएक्स-रिटेल' हे व्यासपीठ सुरू केले. त्यावर ग्राहकाची नोंद त्याच्या बँकेमार्फत होते आणि बँकेचे शुल्क दरात न मिसळता वेगळे आकारले जाते. आपल्या भागातील फारच थोड्या पालकांना त्याचे नाव ठाऊक असेल.

किनाऱ्यावरील लहान शाखांची एक वेगळी अडचण आहे. तेथे परदेशी पैसे पाठविण्याचा अर्ज क्वचितच येतो. कर्मचारी सौजन्याने वागतात, पण कागद पुढे अलिबाग, पनवेल किंवा मुंबईच्या शाखेकडे जातात आणि दर लागतो तो तेथे काम होईल त्या क्षणाचा. पतसंस्थांना तर हा व्यवहार करताच येत नाही. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेला अधिकृत व्यापारीच लागतो. सारस्वत बँकेसारख्या काही सहकारी बँकांकडे असा परवाना आहे, म्हणून 'सहकारी बँकेतून होत नाही' हे सरसकट विधानही खरे नाही. प्रवेशपत्र हाती येताच आपल्या शाखेस हा प्रश्न विचारून ठेवणे इष्ट. खाते नवे काढावे लागले तर त्यातही दिवस जातात, कारण खाते वर्षाहून कमी जुने असेल तर बँक निधीच्या स्रोताचे अधिक पुरावे मागते.

आता त्या अठरा युरोंकडे वळू. बँका परस्परांना संदेश पाठवितात ते स्विफ्ट या जाळ्यावरून. १९७३ मध्ये बेल्जियममध्ये स्थापन झालेली ही संस्था पैसे हलवीत नाही, केवळ संदेश पोहोचविते. प्रत्यक्ष पैसा एका बँकेच्या दुसऱ्या बँकेतील खात्यांमधून सरकतो. दोन बँकांचे थेट खाते नसेल तर मध्ये तिसरी, प्रसंगी चौथी बँक येते आणि प्रत्येक जण आपले शुल्क घेऊ शकतो. हे शुल्क कोणी सोसावयाचे, हे अर्जातील एका लहानशा रकान्यावरून ठरते. 'अवर' असे निवडल्यास सर्व शुल्क पाठविणाऱ्याकडे, 'शा' निवडल्यास दोघांत विभागून आणि 'बेन' निवडल्यास सारे घेणाऱ्याकडे. आपल्याकडील अर्जात बहुधा 'शा' गृहीत धरलेले असते. विद्यापीठाचे शुल्क व रोधित खाते अशा, जेथे रक्कम तंतोतंत पोहोचणे आवश्यक आहे अशा व्यवहारांत 'अवर' निवडावे आणि त्याचे थोडे अधिक शुल्क आनंदाने द्यावे. तरीही काही मार्गांवर मधली बँक कापून घेतेच. म्हणून जेथे जास्तीची रक्कम स्वीकारली जाते तेथे थोडे युरो वर पाठविणे शहाणपणाचे.

कराविषयी दोन गोष्टी. चलन विनिमयावर वस्तू व सेवा कर लागतो, पण तो संपूर्ण रकमेवर नसून नियमाने ठरविलेल्या एका मूल्यावर असतो. एक लाखापर्यंत रकमेच्या एक टक्का (किमान २५० रुपये). एक ते दहा लाखांपर्यंत १,००० रुपये अधिक लाखावरील रकमेच्या अर्धा टक्का. दहा लाखांवर ५,५०० रुपये अधिक वरील रकमेच्या एक दशांश टक्का, कमाल ६०,००० रुपये. या मूल्यावर १८ टक्के कर. म्हणजे दहा लाख रुपये एकदम पाठविले तर कर ९९० रुपये होतो. दरमहा पन्नास हजार याप्रमाणे वर्षभरात सहा लाख पाठविले तर कर १,०८० रुपये आणि तेच सहा लाख एकदम पाठविले तर ६३० रुपये. फरक क्षुल्लक आहे. परंतु दरमहा पाठविताना बँकेचे शुल्कही बारा वेळा लागते, ते मात्र क्षुल्लक नाही. समजा ते प्रत्येक वेळी एक हजार असेल, तर वर्षाचे बारा हजार झाले. मुलाच्या हाती एकदम पैसे देण्यास पालक कचरतात, हे समजण्यासारखे आहे. तिमाही हप्ता हा मध्यममार्ग बऱ्याच घरांस मानवतो.

दुसरी गोष्ट उगमस्थानी गोळा होणाऱ्या कराची, म्हणजे टीसीएसची. हे शुल्क नव्हे. तो आगाऊ घेतलेला प्राप्तिकर आहे आणि विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो किंवा परत मिळतो. परदेशी प्रेषणावरील हा कर १ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झाला. तेव्हा वर्षाला सात लाखांवरील रकमेस शिक्षणासाठी ५ टक्के असा दर होता. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा दहा लाख झाली आणि मान्यताप्राप्त वित्तसंस्थेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जातून पाठविलेल्या रकमेवर तो आकारणे बंद झाले. २०२६ च्या अर्थसंकल्पात शिक्षणासाठीचा दर २ टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. हे दर अर्थसंकल्पागणिक हलत आले आहेत, त्यामुळे पाठविण्याच्या दिवशीचा दर बँकेत विचारून घ्यावा.

आमच्या किनाऱ्यावर या कराचा एक विशेष धोका संभवतो. वाडीचे उत्पन्न शेतीचे असल्याने करमुक्त असते आणि म्हणून अनेक बागायतदार विवरणपत्र भरतच नाहीत. उपरोक्त प्रकरणात सुमारे बारा लाख रुपये पाठविले गेले; दहा लाखांवरील दोन लाखांवर ५ टक्क्यांनी सुमारे दहा हजार रुपये गोळा झाले. कर देय नसलेल्या त्या गृहस्थांस ती सारी रक्कम परत मिळू शकते, पण विवरणपत्र भरले तरच. 'बँकेने दहा हजार कापले' एवढीच त्यांची समजूत होती. अशा समजुतीत किती घरांचे पैसे सरकारजमा राहत असतील याचा विचार करता मन विषण्ण होते. दहा लाखांची मर्यादा प्रत्येक पाठविणाऱ्याची स्वतंत्र असते व दर आर्थिक वर्षी नव्याने सुरू होते. आईच्या नावे स्वतंत्र खाते, पॅन आणि निधी असल्यास दोघांनी रक्कम वाटून पाठवावी. दोन सत्रांचे शुल्क ३१ मार्चच्या अलीकडे-पलीकडे भरता येत असल्यास तसे भरावे. हे दोन्ही मार्ग पूर्णतः कायदेशीर आहेत.

येथेच अर्जातील आणखी एका रकान्याकडे लक्ष वेधले पाहिजे. पैसे कोणत्या प्रयोजनासाठी जात आहेत हे संकेतांकाने लिहावे लागते. शिक्षणाचा संकेतांक न लिहिता कुटुंबाच्या निर्वाहाचा किंवा परदेशी ठेवीचा लिहिला गेला, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेवरील रकमेस २० टक्के दराने कर कापला जातो. जून २०२३ च्या प्रत्यक्ष कर मंडळाच्या परिपत्रकाने शिक्षणाच्या प्रयोजनात शुल्काबरोबरच प्रवासाचे तिकीट व दैनंदिन खर्चाचाही समावेश केला आहे. तेव्हा मुलाच्या घरभाड्यासाठी पाठविलेले पैसेही शिक्षणाच्याच सदरात जावेत, असा आग्रह पालकांनी धरावा.

परदेशात उतरल्यावर

विद्यार्थी तेथे पोहोचल्यापासून स्थानिक खाते उघडेपर्यंतचा काळ सर्वांत महाग पडतो. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून खाते नाही आणि खाते नाही म्हणून घर मिळण्यास अडचण, अशा चक्रात काही आठवडे जातात. इंग्लंडमध्ये विद्यापीठाचे पत्र पत्त्याचा पुरावा म्हणून चालते. ते पहिल्याच दिवशी मागावे. या काळात भारतातील नेहमीचे डेबिट कार्ड वापरल्यास अनेक बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार व त्यावर कर आकारतात, शिवाय रोकड काढण्याचे शुल्क वेगळे. क्रेडिट कार्डावर रोकड काढणे तर सर्वथा टाळावे, कारण त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढते. या काळासाठी फॉरेक्स कार्ड सोयीचे, परंतु त्यात त्याच देशाचे चलन भरलेले असावे. डॉलर भरलेले कार्ड युरोच्या देशात चालविले की प्रत्येक खरेदीवर पुन्हा रूपांतराचा खर्च लागतो.

दुकानात किंवा एटीएमवर कार्ड घातल्यावर 'रुपयांत द्यावयाचे की स्थानिक चलनात' असा प्रश्न पडद्यावर येतो. रुपये हा शब्द पाहून नवख्यास हायसे वाटते आणि तो रुपये निवडतो. तेथे रूपांतराचा दर यंत्राचा मालक ठरवितो व तो सामान्यतः वाईट असतो. नेहमी स्थानिक चलनच निवडावे. या एका सूचनेने जेवढे पैसे वाचतात तेवढे क्वचितच अन्य कशाने वाचत असतील.

खाते उघडल्यावरचे शुल्क देशपरत्वे वेगळे. अमेरिकेत मासिक देखभाल शुल्क घेण्याची प्रथा आहे, पण विद्यार्थ्यांच्या खात्यास ठरावीक वयापर्यंत किंवा वर्षांपर्यंत ते माफ असते; खाते उघडताना विद्यार्थी असल्याचे सांगावे लागते आणि माफीची मुदत संपण्याची तारीख लिहून ठेवावी लागते. परक्या बँकेच्या यंत्रातून रोकड काढल्यास यंत्राचा मालक आणि आपली बँक असे दोघेही शुल्क घेऊ शकतात. शिल्लक नसताना कार्ड चालले तर मोठा दंड बसतो. मात्र २०१० पासूनच्या नियमानुसार एटीएम व एकवेळच्या कार्ड खरेदीसाठी हा दंड ग्राहकाने आधी संमती दिली असेल तरच घेता येतो. खाते उघडताना पुढे केलेल्या कागदांत ही संमती असते. तेथे 'नाही' म्हणावे. जर्मनीत व युरोपीय संघात अन्यत्र कायदेशीर वास्तव्य असलेल्या कोणासही मूलभूत खाते मिळण्याचा हक्क आहे, जर्मनीत तो २०१६ पासून अमलात आहे. तेव्हा एका बँकेने नकार दिला म्हणून महागड्या खात्यास मान डोलावण्याचे कारण नाही.

मायदेशीच्या खात्याबाबत एक बाब हमखास विसरली जाते. रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर २००३ च्या परिपत्रकानुसार शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी परकीय चलन कायद्यापुरता अनिवासी गणला जातो. त्यामुळे त्याचे येथील बचत खाते अनिवासी साधारण खात्यात, म्हणजे एनआरओ खात्यात, रूपांतरित करून घ्यावे लागते आणि उदारीकृत योजनेखाली पैसे पाठविणारे पालक असतात. बँकेत नोंदविलेला भ्रमणध्वनी क्रमांक परदेशात बंद पडला तर ओटीपी मिळत नाही आणि ऐन वेळी कार्ड निरुपयोगी होते. निघण्यापूर्वी त्या क्रमांकाची व्यवस्था लावणे खर्चाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे.

नातेवाइकांमार्फत पैसे

किनारपट्टीत हमखास पुढे येणारा एक 'बिनखर्चाचा' मार्ग असा : दुबईतील मामा तिकडून विद्यापीठाचे शुल्क भरतील आणि इकडे वडील मामांच्या घरी तेवढे रुपये देतील. बँक नाही, शुल्क नाही, कर नाही. परस्पर विश्वासावर चालणाऱ्या समाजात हा व्यवहार कोणास गैर वाटत नाही, आणि सुचविणाऱ्याचा हेतूही बहुधा निर्मळ असतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र ही हवाला पद्धतच होय. १९९९ च्या कायद्यानुसार अशा व्यवहारात गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. मामांनी आपल्या परदेशी कमाईतून भाच्याचे शुल्क भेट म्हणून भरले तर त्यास हरकत नाही. गुन्हा घडतो तो इकडे दिलेल्या रुपयांच्या भरपाईने. शिवाय व्हिसाच्या वेळी निधीचा स्रोत दाखवावा लागतो आणि तेथे हा पैसा सिद्ध करता येत नाही. प्राध्यापकांनी हे विद्यार्थ्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे, कारण घरातील वडीलधाऱ्यांपुढे ते बोलण्याचा धीर त्यांना होत नाही.

महाविद्यालयाच्या पातळीवर

उपरोक्त प्रकरणानंतर आमच्या वाणिज्य विभागाने एक साधी प्रथा सुरू केली. परदेशी प्रवेशासाठी शिफारसपत्र मागण्यास येणाऱ्या विद्यार्थ्यास पालकांसह एकदा विभागात बोलावले जाते. तासाभराची बैठक असते. त्यात बँकेच्या कोऱ्या ए-२ अर्जाची प्रत समोर ठेवून प्रयोजनाचा संकेतांक आणि शुल्क कोणी सोसावयाचे हा रकाना, असे दोन रकाने बोट ठेवून दाखविले जातात, आणि संदर्भ दर कोठे पाहावयाचा ते भ्रमणध्वनीवर उघडून दाखविले जाते. कोणत्याही बँकेची किंवा कंपनीची शिफारस विभाग करीत नाही, आणि तसे करूही नये असे आमचे मत आहे. पालकांतील बहुतेक जण वाडीवाले, मच्छीमार किंवा लहान दुकानदार असतात. विनिमय दराचे गणित त्यांना शिकवावे लागत नाही. बोटीवरून उतरलेल्या मालाचा भाव आणि बाजारातला भाव यांतील अंतर ते आयुष्यभर मोजत आलेले असतात.

अशाच एका बैठकीनंतर मुरूडकडील एक गृहस्थ आपल्या शाखेत गेले आणि त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या : भाव नेमका किती लावणार, आणि रक्कम तिकडे पूर्ण पोहोचणार का? उत्तर देण्यासाठी शाखाधिकाऱ्यांना मुंबईस दूरध्वनी करावा लागला व त्यात अर्धा तास गेला. फोन ठेवल्यावर त्यांनी जो दर सांगितला तो फलकावरील दरापेक्षा प्रतिपौंड एक रुपया दहा पैशांनी कमी होता.